काळ्या दारूची पुंगळी: बूड कडक, तोंड मऊ

खानापूरकडच्या माझ्या एका मित्राचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत मोंटाना राज्यात असतो. त्याने तिथे रीतसर जुन्या अमेरिकन शार्प्स रायफलीची नवी प्रतिकृती घेतली आहे, ४५-७० कॅलिबरची, आणि तिथल्या क्लबात तो काळ्या दारूवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या धुराच्या बंदुकीच्या दारूवर, नेमबाजी शिकतो आहे. पुंगळ्यांबद्दल, म्हणजे ज्यात दारू आणि गोळी बसते त्या काडतुसाच्या पितळी नळकांड्यांबद्दल, त्याने विचारलंय ते थोडक्यात असं: "काका, पुंगळ्या कुठल्या घ्यायच्या? धुतल्या तरी माझ्या पुंगळ्या काळपटच राहतात, त्या खराब झाल्या का? घरात पितळेचं पॉलिश होतं, त्याने काही घासून चकचकीत केल्या, तर त्यातल्याच दोघींना तोंडाशी उभी चीर गेली, ती कशाने? आणि गणपतीला येताना थोड्या रिकाम्या पुंगळ्या आणून गावच्या घरी ठेवल्या तर चालतील का?"

मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची दुरुस्ती-देखभाल करणारा, होतो. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत राहिलो तेव्हा तिथल्या क्लबात काळ्या दारूची काडतुसं भरण्याचं काम मनापासून केलं. आता बेळगावात असतो. त्या अनुभवावर त्यालाच उत्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चुकलास तर बाकीचं सगळं वाचून उपयोग नाही. रिकामी पुंगळीसुद्धा आणू नकोस. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भागही येतात. विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात एक पुंगळी दिसली की पोलीस, पंचनामा, वकील असं सुरू होतं आणि गणपती बाजूलाच राहतो. इथे काडतूस भरणं म्हणजे कायद्याच्या नजरेत दारूगोळा बनवणं, त्याला कलम ५ खाली परवाना लागतो. काळी दारू बाळगायची तर १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम वेगळेच. आपल्याकडे जंगलाच्या कडेच्या गावांत रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर ठासणीची बंदूक किंवा बारा बोअर ठेवणारे शेतकरी आहेत. त्यातले काही जण "जुन्या पुंगळ्या तेवढ्या भरून द्या की काका" म्हणत येतात. मी देत नाही. त्यांनी काडतुसं परवानाधारक दुकानातूनच घ्यायची, आणि तूही सुट्टीला आलास की इथे कुणाला हे शिकवत बसू नकोस. पुढे जे लिहितो ते सगळं तुझ्या तिथल्या कामासाठी, जिथे हा छंद कायद्यात बसतो.

आता पितळाकडे येऊ. काडतुसाच्या पितळात ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. या प्रमाणातलं पितळ थंड असतानाच न फाटता लांबवर ओढता येतं, म्हणून ते निवडलेलं आहे. कारखान्यात जाड चकतीची वाटी करतात, ती वाटी साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढत नळी करतात, आणि दोन टप्प्यांच्या मध्ये तापवून पितळ पुन्हा मऊ करतात. शेवटी बूड दाबून कडक ठेवतात आणि तोंड तापवून मऊ करतात. एकाच पुंगळीत खाली कडक, वर मऊ. हा फरक हेच पुंगळीचं खरं बळ आहे, आणि तुझी सगळी निगा हा फरक टिकवण्यासाठी असली पाहिजे. चकाकी टिकवण्यासाठी नाही.

बूड कडक का हवं? प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, तिथे घट्ट बसतो, आणि रायफलीचा एक्स्ट्रॅक्टर (आकडा) रिमला, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेला, धरून पुंगळी बाहेर ओढतो. तू राहतोस त्याच मोंटानात १८७६ साली लिटल बिगहॉर्नची लढाई झाली. अमेरिकन सैन्याच्या ४५ कॅलिबरच्या कार्बाइनची काडतुसं तेव्हा पितळाची नव्हती, मऊ तांब्याची होती. रिम फाटून पुंगळ्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) अडकल्याच्या तक्रारी त्या लढाईनंतर नोंदवल्या गेल्या. किती अडकल्या यावर इतिहासकारांचा वाद आहे, पण सैन्य पुढे पितळाकडे वळलं हे खरं. इंग्रजांनाही हा धडा मिळाला. १८७१ साली त्यांनी स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचं काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं होतं. सुदानच्या मोहिमेत उष्णता आणि वाळू यांत ते अडकू लागलं, म्हणून पुढे एकसंध ओढलेली पुंगळी आली.

तोंड मऊ का हवं, हे काळ्या दारूत जास्त महत्त्वाचं आहे. दारू पेटली की तोंड फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि वायूला मागची वाट बंद करतं. दाब उतरला की पुंगळी किंचित आक्रसते आणि सहज निघते. आजकालच्या बिनधुराच्या दारूचा दाब इतका असतो की कडक झालेलं तोंडही तो फुगवतो. काळ्या दारूचा दाब बराच कमी, तिथे कडक तोंड वेळेवर फुगत नाही. मग वायू आणि काजळी बाहेरच्या अंगाने मागे येते. बार झाल्यावर पुंगळी हातात घेऊन उजेडात फिरवून बघ. काळा पट्टा तोंडाच्या काठाशीच संपला असेल तर ठीक. काजळीच्या जिभा एका बाजूने पुंगळीच्या मध्यापर्यंत उतरल्या असतील तर ते पितळ तुला सांगतंय की तोंड कडक झालं आहे. हे बघायला उपकरण लागत नाही, आणि माझ्या मते पुंगळीची ही सगळ्यात प्रामाणिक तपासणी आहे.

निवडीचं सांगतो. नव्या पुंगळ्या घे, एकाच कारखान्याच्या, एकाच लॉटच्या, एकदमच. तुला शंभर पुरतील. तुझ्याकडे मिसूरीतल्या सेडालिया गावची स्टारलाइन कंपनी ४५-७० बरोबर ४५-९० आणि ४५-११० अशा जुन्या लांब पुंगळ्याही करते, तिच्या ४५-७० घ्यायला हरकत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या मिसळू नकोस. भिंतीची जाडी वेगळी की आतली जागा वेगळी. काळ्या दारूत आपण दारू ठरावीक उंचीपर्यंत दाबून बसवतो, त्यामुळे जागा बदलली की दाबण्याचं प्रमाण बदलतं आणि लांबच्या निशाण्यावर गोळ्या वर-खाली पसरतात. नव्या पुंगळ्या आल्या की एकदा वजन करून घे, फार हलकी किंवा फार जड निघेल ती सरावाला वेगळी ठेव. रिमची जाडीही मोज, कारण ही पुंगळी चेंबरमध्ये रिमवर टेकते.

रेंजवर पडलेल्या फुकट पुंगळ्या उचलायचा मोह होईल. उचलू नकोस. ४५-७० आज बिनधुराच्या दारूवर, मजबूत लिव्हर रायफलींतून फार जोरात भरून मारली जाते. ती पुंगळी किती ताणली गेली आहे, कुणाच्या चेंबरमध्ये फुगली आहे, काहीच कळत नाही. निकेल चढवलेल्या पुंगळ्याही नकोत. दिसायला रुपेरी आणि पुसायला सोप्या असतात, पण निकेलचा थर ठिसूळ असतो, तोंडाशी आधी तोच तडकतो, आणि खालचं पितळ कुठल्या अवस्थेत आहे हे तुला दिसू देत नाही.

लांबी नीट बघून घे. ४५-७० ची पुंगळी २.१०५ इंचांची, ४५-९० ची २.४ इंचांची, ४५-११० ची त्याहून लांब, २ पूर्णांक ७/८ इंचांची. आखूड पुंगळी लांब चेंबरमध्ये शिरते, पण तोंडापुढे जी मोकळी जागा राहते तिथे गोळीचं शिसं साचून कडं तयार होतं आणि अचूकता जाते. तुझ्याच रायफलीतही पुंगळ्या फार आखूड कापू नकोस. सगळ्यांची लांबी मोज, आणि सारखी करण्यापुरतीच काप.

४५-७० या नावातलं ७० म्हणजे मुळात ७० ग्रेन (वजनाचं बारीक माप) काळी दारू. जुन्या पुंगळीचं बूड आतून पोकळ असे, म्हणून जागा जास्त होती. आजचं बूड भरीव आणि मजबूत असतं, आत जागा कमी. त्यामुळे ७० ग्रेन कोंबायचा हट्ट धरू नकोस. दारू आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी हवा राहता कामा नये, हा काळ्या दारूचा पाळायलाच हवा असा नियम आहे. दारूवर पुठ्ठ्याची चकती ठेवून ती वेगळ्या डायने (साच्याने) दाब, गोळीने दाबू नकोस, मऊ शिशाची गोळी चेपते. आणि काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची दारू कधीही भरू नकोस. रायफल आणि हात दोन्ही जातील.

तुझ्या क्लबात कुणाकडे मार्टिनी-हेन्री असेल तर तो पुंगळी कुठून आणतो ते विचार. बहुतेक चोवीस गेजच्या पितळी छर्ऱ्याच्या पुंगळीला आकार देऊन तो ती करत असेल. बघण्यासारखं काम आहे. पण तुझ्या कॅलिबरला त्याची गरज नाही, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

आता धुणं. इथे लोक सगळ्यात जास्त आळस करतात आणि पुंगळ्या इथेच मरतात. काळ्या दारूत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळली की वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून उरतो: पोटॅशियम कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतं. सल्फाइड पितळाला काळं करतं. मोंटानाच्या कोरड्या हवेत ही राख थोडा वेळ गप्प बसेल. आपल्याकडे आषाढ-श्रावणात, खानापूरपासून कणकुंबीपर्यंत भिंती ओल धरतात त्या दिवसांत, ती तासाभरात चिकट होते आणि संध्याकाळपर्यंत हिरवा डाग उमटवते. तू कोरड्या मुलखात आहेस म्हणून सवय ढिली ठेवू नकोस. तिथेही पाऊस पडतो, आणि रेंजवरून घरी यायला उशीर होतोच.

रेंजवर जाताना रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घे. पाणी अर्ध्याहून थोडं वर, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. पुंगळी थंड झाली की हाताच्या डिकॅपरने प्राइमर तिथेच काढून टाक आणि पुंगळी बरणीत सोड. प्राइमर काढल्याशिवाय टाकलीस तर त्याच्या खोबणीत राख अडकून राहते आणि घरी येईपर्यंत दगड होते. गाडीत बरणी हलत राहते, निम्मं काम तिथेच होतं. झाकण उघडलंस की सडक्या अंड्याचा वास येईल. तो गंधकाचा, घाबरू नकोस. घरी पाणी ओत, नवं घे, हलव, पुन्हा ओत, पाणी नितळ येईपर्यंत. मग बाटली घासायच्या बारीक ब्रशने आतून फिरव, प्राइमरची खोबण आणि आगीचं भोक साफ कर, आणि शेवटचं पाणी कडकडीत गरम घे. गरम झालेलं पितळ स्वतःच लवकर सुकतं. झटकून, तोंड खाली करून कापडावर उभी ठेव. अजून ओल वाटली तर ओव्हनमध्ये ठेवायला हरकत नाही, पण पाणी उकळतं त्याच्या वर तापमान नेऊ नकोस. एवढ्या तापात पितळाच्या कडकपणाला काही होत नाही.

सामन्याआधी आतून अगदी स्वच्छ हव्या असतील तर पाण्यात स्टीलच्या बारीक पिना किंवा सिरॅमिकचे खडे घालून फिरणाऱ्या डब्यात घाल. थोडा साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड पुरतं. पिनांत फार वेळ फिरवलंस तर पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाचा काठ बाहेर वळतो. त्याला बोट लावून बघ, धार लागली तर हलकेच काढ. मला खडे जास्त आवडतात. चकाकी कमी, पण काठाला त्रास नाही.

तू विचारलंस, काळपट राहिल्या म्हणजे खराब झाल्या का? नाही. चॉकलेटी, तपकिरी, अगदी काळसर झालेली पुंगळी नेम तितकाच मारते. काळजीचा रंग गुलाबी आहे. पितळावर तांबूस-गुलाबी ठिपके दिसले की समज जस्त निघून गेलं आणि मागे सच्छिद्र तांबं राहिलं. हे बहुतेक आम्लात फार वेळ बुडवून ठेवल्याने होतं. आपल्या घरी समई, तांब्या, घंगाळ चिंचेने किंवा लिंबाने घासतात, लगेच धुतात, आणि ती भांडी जाड असतात. पुंगळीचं तोंड नखाइतकं पातळ. व्हिनेगरात रात्रभर भिजत घालायचा सल्ला तिथे कुणी दिला तर हात जोडून नाही म्हण. सायट्रिक ॲसिडसुद्धा काही मिनिटंच, मग साध्या पाण्याने भरपूर धुणं. रांगोळीसारखी जाड पावडर किंवा राख लावून घासणंही नको, तोंडावर ओरखडे पडतात आणि चीर तिथूनच सुरू होते.

चिरेचं कारण सांगताना तुला पितळाचा सगळ्यात मोठा शत्रू सांगावा लागेल, आणि त्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळा आला की लष्करी हालचाली थंडावत. काडतुसं कोरड्या हंगामापर्यंत साठवून ठेवत, आणि साठवण बऱ्याचदा घोड्यांच्या पागेजवळ असे. पावसाळा संपून पेट्या उघडल्या तर कित्येक पुंगळ्यांना न मारताच चिरा गेलेल्या असत. कारण बराच काळ उमगलं नाही. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी त्याची उकल मांडली: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया ओलसर हवेत पितळावर बसतो, धातूच्या कणांच्या सीमांमधून आत शिरतो, आणि ओढून केलेल्या पितळात आधीच जो ताण साठलेला असतो त्या ताणाने तिथे पितळ उलतं. ताण, ओल आणि अमोनिया ही तीन एकत्र आली की चीर गेलीच म्हणायची. यातला एक जरी काढलास तरी पुंगळी वाचते. कारखाने हलक्या तापाने ताण उतरवतात, आपण अमोनिया दूर ठेवायचा.

आता तुझ्या पॉलिशची बाटली हातात घे आणि मागचं लेबल वाच. धातू चमकवायच्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो, कारण तो तांब्याचा काळा थर चटकन विरघळवतो. समईला त्याने काही होत नाही, पुंगळीला होतं. काच पुसायच्या द्रवातही बऱ्याचदा असतो, नळीतलं तांबं काढणाऱ्या काही रसायनांतही असतो. नळी साफ केलेली चिंधी आणि पुंगळ्यांचा डबा एका खणात ठेवू नकोस. मांजराच्या वाळूचा डबा आणि घोड्याचा तबेला जवळ असेल तर पुंगळ्या घरातच ठेव, गॅरेजात नको.

आपल्याकडे म्हणशील तर अमोनिया दारातच आहे. गोठा तर आहेच. चिकोडी, अथणी, गोकाकच्या ऊसपट्ट्यात घराच्या पडवीत युरियाची पोती असतात. फुटलेल्या पोत्यातला युरिया ओलावला की त्यातून अमोनिया सुटतो. कल्हईवाल्याचा नवसागर तापला की जो पांढरा धूर येतो त्यातही तोच. म्हणून परवान्याच्या बारा बोअरची काडतुसं बाळगणाऱ्या इथल्या शेतकऱ्यांना मी एवढंच सांगतो की ती गोठ्याच्या माळ्यावर आणि खताच्या खोलीत ठेवू नका, घरातल्या कुलपाच्या कपाटात ठेवा. काडतुसं भरून देत नाही म्हणून रुसून गेलेला माणूससुद्धा हे ऐकतो.

तुझ्या दोन चिरांचं निदान असं कर. पुंगळी मारल्यावर किंवा तोंड रुंद करताना चीर गेली असेल तर तोंड कडक झालं होतं. नुसती डब्यात ठेवलेली, काही न करता तडकली असेल तर अमोनिया. भिंगाखाली चिरेचा काठ बघ आणि तिच्या बाजूला केसासारख्या अजून रेघा आहेत का तेही बघ. एकच चीर तोंडापासून सरळ खाली आली असेल तर बहुधा कडकपणा. बऱ्याच बारीक रेघा, वाटेल तिथे, तर पॉलिश.

कडकपणावर उपाय आहे. तांबट हंडा घडवताना बघितला असशील. ठोकत जातो तसं तांबं कडक होत जातं, मग तो हंडा आगीवर धरतो, तांबं पुन्हा मऊ होतं आणि पुन्हा ठोकता येतं. न तापवता ठोकत राहिला तर पत्रा फाटेल. पुंगळीचंही अगदी तेच. बार झाला की तोंड फुगतं, डायमध्ये घातलं की आवळतं, गोळीसाठी रुंद केलं की पुन्हा ताणतं. प्रत्येक वेळी थोडी कडक होते. म्हणून तोंड, आणि फक्त तोंड, मधूनमधून तापवायचं. तुझ्याकडे याला अॅनीलिंग म्हणतात.

पुंगळी रिकामी आणि प्राइमर काढलेली हवी, हे आधी. ड्रिलला सॉकेट लावून त्यात पुंगळी उभी बसव, सावकाश फिरव आणि गॅसच्या टॉर्चची निळी ज्योत तोंडाच्या खालच्या भागावर धर. ठरावीक तापमानाला वितळणारा रंग बाजारात मिळतो. ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा तोंडाच्या आत लाव, आणि २५० च्या आसपासचा बुडाच्या थोडं वर, बाहेरून. आतला वितळला की ज्योत काढ. खालचा वितळता कामा नये. सेकंद मोजत बसू नकोस, टॉर्च आणि पुंगळी बदलली की सेकंद बदलतात, रंग वितळायचं तापमान मात्र बदलत नाही. काम मंद उजेडाच्या खोलीत कर. तोंड लालसर चमकलं तर जास्त झालं, कण मोठे होतात आणि त्या पितळात जोर उरत नाही.

तापल्यावर पुंगळी पाण्यात टाकतात ते तिला कडक करायला नव्हे. पितळ पोलादासारखं पाण्याने कडक होत नाही. पाण्याने ताप बुडाकडे उतरायचा थांबतो, एवढंच. बुडाचं मात्र मनावर कोरून ठेव: मऊ करायला म्हणून संपूर्ण पुंगळी ओव्हनमध्ये किंवा निखाऱ्यावर कधी तापवू नकोस. बूड एकदा मऊ पडलं की उष्णतेने ते परत कडक होत नाही. प्राइमरची खोबण सैल होते, वायू मागे तुझ्या डोळ्याकडे येतो. अशी पुंगळी फेकण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

किती बारांनंतर तापवायची यावर तिथे प्रत्येक जण वेगळं सांगेल. लांबच्या सामन्यांतले काही जण दर वेळी तापवतात, सारखेपणासाठी. तू काजळीच्या जिभा बघ आणि गोळी बसवताना हाताला लागणारा जोर बघ. एखाद्या पुंगळीत गोळी जास्त घट्ट जायला लागली की पूर्ण लॉट तापव, एकटी नको. लॉट एकसारखा राहिला पाहिजे.

त्याहून चांगलं म्हणजे पितळाला कमी त्रास देणं. तुझी रायफल एक बार करणारी आहे, पुंगळी तिच्याच चेंबरच्या मापाची झालेली आहे. मग दर वेळी पूर्ण लांबीची डाय कशाला? तोंड हलकेच आवळ, गोळी अंगठ्याने बसण्याइतकं, बस्स. क्रिंप करू नकोस, म्हणजे तोंडाचा काठ गोळीवर मुडपू नकोस. पुंगळी दुसऱ्याच्या रायफलीत गेली की मात्र पूर्ण डाय लागेल, म्हणून पुंगळ्या उसन्या देऊ नकोस आणि घेऊही नकोस. असं वागलास तर काळ्या दारूच्या कमी दाबात चांगली पुंगळी वर्षानुवर्षं टिकते.

दर धुण्यानंतर एक तपासणी. जाड तारेचं टोक वाकवून अणकुचीदार कर, पुंगळीत घाल, आणि बुडाजवळच्या भिंतीवरून वर ओढ. खाच लागली तर आतून भिंत पातळ झाली आहे, पुढच्या एखाद्या बाराला पुंगळी दोन तुकडे होईल. बाहेरूनही बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसतं. काळ्या दारूत हे क्वचित होतं, पण रिमपाशी सैल जागा असलेल्या रायफलीत होतं.

ठेवायचं कुठे? झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून. चामड्याच्या काडतूस पट्ट्यात भरून भिंतीला लटकवतात ते फोटोपुरतं ठीक, पण कमावलेल्या चामड्यातली आम्लं पितळावर हिरवा थर चढवतात. ओकच्या लाकडी खणातही तसंच. आणि कुठल्या आजोबांच्या ट्रंकेतल्या शतकापूर्वीच्या पुंगळ्या मिळाल्या तर त्या शोभेला ठेव. त्या काळच्या काही प्राइमरमध्ये पारा असे, पारा पितळात शिरून ते ठिसूळ करतो, आणि बाहेरून काही कळत नाही.

आता तुझ्या हातातल्या लॉटचं काय करायचं ते. पॉलिश लावलेल्या सगळ्या पुंगळ्या वेगळ्या काढ, गरम साबणाच्या पाण्याने दोनदा धू, सुकव, भिंगाखाली एकेक बघ. रेघ दिसली ती पक्कडीने चेपून भंगारात, म्हणजे चुकून कुणी भरणार नाही. उरलेल्यांची तोंडं वर सांगितल्याप्रमाणे तापव आणि डब्यात महिनाभर नुसत्या ठेव, मारू नकोस. महिन्यानंतर एकही तडकली नाही तर सरावाला वापर, सामन्याला नको. त्या महिन्यात एक जरी नुसत्या बसल्या जागी तडकली तर पॉलिश लागलेला सगळा गठ्ठा टाकून दे आणि नव्या घे. पॉलिश न लागलेल्या पुंगळ्या कितीही काळ्या असल्या तरी त्या चांगल्या आहेत, त्यांना फक्त पाणी दाखव आणि वापरत राहा.